ढब्बूचं पांघरूण

४ मार्च, सोमवार

शी! शी! शी!

सकाळी डाव्या बुटात पाय घातला तर आत ओलं. कोमट ओलं! एका पायावर उड्या मारत न्हाणीघर गाठलं — वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. साबण तीनदा लावला. ढब्बू दारात बसून सगळं बघत होता. जीभ बाहेर, आणि जिभेपासून फरशीपर्यंत लाळेची एक अखंड तार. बूट फेकून दिले. दोन्ही. उजव्यावरचाही विश्वास उडाला.

हे ध्यान कालपासून माझ्या गळ्यात पडलंय. ताई न्हाणीघरात पडली, भाची येऊन तिला आपल्या गावी घेऊन गेली, तेव्हापासून महिनाभर तिच्या शेजारच्या मास्तरांनी कुत्रा सांभाळला. काल गाडीतून आणून माझ्या दारात सोडला. "सुनेला शिंका येतात हो. आणि तुम्ही सख्खे भाऊ!" अहो, सख्खा भाऊ मी ताईचा, कुत्र्याचा नाही! पण हे सुचेपर्यंत मास्तर कोपऱ्यावरून वळलेसुद्धा.

दुपारी भाचीचा फोन. पडल्यावर ज्या तपासण्या केल्या त्यात ताईच्या हृदयाचं दुखणं निघालंय. वीस तारखेला दवाखान्यात दाखल, एकवीसला ऑपरेशन. "मामा, डॉक्टर फार खात्री देत नाहीयेत. आई धड जेवत नाही. सारखं ढब्बू, ढब्बू. ऑपरेशनच्या आधी एकदा बघू दे ना तिला. तू गाडीने घेऊन ये."

सहाशे चाळीस किलोमीटर. ह्या प्राण्याबरोबर. माझ्या गाडीत!

हो म्हणालो. काय करणार? पण इथे लिहून ठेवतो. ताईने मला बोलावलेलं नाही. कुत्र्याला बोलावलंय. मी नुसता ड्रायव्हर.

५ मार्च, मंगळवार

केस. चहात केस. कंगव्यात केस, आणि मला केस नाहीत! रबरी हातमोजा ओला करून गादीवरून फिरवला तर अर्धी उशी भरेल एवढे निघाले. खाली दुकानात पाऊल टाकू देत नाही त्याला. एकतीस वर्षं लॉन्ड्री चालवतोय, आजवर एका गिऱ्हाइकाच्या शर्टावर दुसऱ्याचा केस गेलेला नाही.

अवतार काय वर्णावा! पांढरा म्हणायचा, पण पांढरा नाही. महिनाभर वापरलेल्या पायपुसण्याचा रंग. पोट जमिनीला लागतं. कानातून खमंग बुरशीचा वास. आणि मागून... ते लिहीत नाही. खिडक्या उघड्या टाकून गॅलरीत उभा होतो एवढंच.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं पांघरूण. ताईकडून त्याच्याबरोबर आलंय. कधीकाळी निळं असावं. त्यात दहा वर्षांचा कुत्रा, आणि त्यावर ताईचं ते सांधेदुखीचं मलम! ती रोज संध्याकाळी हातांना मलम चोळते आणि त्याच हातांनी ह्याला कुरवाळत बसते. तिच्या घरात शिरलं की नाकात पहिलं तेच घुसायचं. मी खुर्चीच्या काठावर बसायचो, तर म्हणायची, "टेक की साबणराव, खुर्ची चावत नाही."

साबणराव. लहानपणापासून हेच. आई हसायची.

६ मार्च, बुधवार

कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाकावर माझ्या एका बाजूला आजारी मांजर, दुसऱ्या बाजूला खाज सुटलेलं कुत्रं. मी मध्ये, हात मांडीवर, श्वास रोखून.

बाई हुशार आहेत. पण ज्या हाताने ढब्बूच्या तोंडात बोट घालून दात पाहिले, त्याच हाताने मला पेन दिलं! नको म्हणालो, माझं आहे.

सूचना लिहून घेतल्या. निघायच्या चार तास आधी खायला द्यायचं नाही. तासभर आधी उलटीची गोळी. छातीपट्टा लावून मागच्या सीटला बांधायचं. दर दोन तासांनी उतरवायचं. लशींची वही बरोबर. निघायच्या आदल्या दिवशी त्यांचा दाखला न्यायचा, वाटेत मुक्कामाला तो लागतो. आणि मुख्य म्हणजे सराव! आधी नुसत्या उभ्या गाडीत बसवायचं. मग इंजिन सुरू करून. मग गल्लीला एक फेरी. मग लांब.

"एकदम नेऊ नका," बाई म्हणाल्या. "वयस्कर आहे, बिचकतो. त्याला ओळखीचं काहीतरी जवळ असू द्या."

सतराला निघायचं. अकरा दिवस हातात. लहान मुलाच्या शाळेचीसुद्धा एवढी तयारी नसते.

७ मार्च, गुरुवार

गाडीच्या सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक मी अजून काढलेलं नाही. नऊ वर्षं झाली. लोक हसतात. हसू देत. आज कोण शहाणा ठरलं?

ढब्बू गाडीत चढायला तयार नाही. दार उघडलं, गोड बोललो (मी! रस्त्यावर! कुत्र्याशी!), बिस्कीट दाखवलं. तो ढिम्म. समोरचा गॅरेजवाला काम सोडून बघत होता. "शेठ, उचला की!" उचलतो कसला, चाळीस किलोचं धूड. तरी प्रयत्न केला. त्याने माझा कान चाटला. पूर्ण. आतून!

शेवटी वैतागून ते घाणेरडं पांघरूण दोन बोटांच्या चिमटीत धरून आणलं, सीटवर टाकलं. पठ्ठ्या टुणकन आत! गोल गोल फिरला, त्यात नाक खुपसलं आणि घोरायला लागला. मी पुढे बसून राहिलो अर्धा तास. काचा खाली. जाणारे-येणारे बघत होते. उभ्या गाडीत एक म्हातारा आणि एक घोरणारं कुत्रं.

कान अजून ओला वाटतोय.

८ मार्च, शुक्रवार

गल्लीला एक फेरी. ओकला.

प्लास्टिकवर, पट्ट्यावर, आणि एक शिंतोडा माझ्या मानेवर. थंड पाणी घ्यायचं, गरम कधीच नाही. गरम पाण्याने ओकारी कापडात शिजते आणि डाग कायमचा बसतो. मग सोडा, मग व्हिनेगर. हे मी झोपेतही सांगेन. पण स्वतःच्या मानेवरची डोळे मिटून पुसली. दोनदा आंघोळ केली. जेवण गेलं नाही.

पांघरूण वाचलं कसं कोण जाणे. मान बाहेर काढून ओकला. म्हणजे तेवढी अक्कल आहे.

९ मार्च, शनिवार

चार किलोमीटर! ओकला नाही! लाळ गाळली, कण्हला, पण ओकला नाही. पांघरुणात तोंड घालून पडून होता. परत आल्यावर मी त्याला "शाबास" म्हणालो आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं.

मग म्हटलं, आता एक काम उरकूनच टाकू. ते पांघरूण घेऊन दोन दिवस बंद गाडीत बसणं माणसाचं काम नाही. सकाळीच खाली आणलं. कोमट पाण्यात तीन तास भिजवलं. पहिलं पाणी चहासारखं. दुसरं फिक्या चहासारखं. तिसरं स्वच्छ. मग मशीन, मग नीळ, मग कडक उन्हात. काय निळा रंग निघालाय! नाकाला लावून पाहिलं. वास शून्य! प्रेसवाल्या मावशी एकोणीस वर्षं माझ्याकडे इस्त्री करतात, कधी कौतुकाचा शब्द नाही. त्याही म्हणाल्या, "नवं घेतलंत?"

चला, आजचा दिवस सत्कारणी लागला.

ताईला मात्र कौतुक वाटणार नाही. कधीच वाटत नाही. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा दहा दिवसांत मी आईचे सगळे कपडे धुतले. सेहेचाळीस नग! एकेक हाताने. तो राखाडी स्वेटर तर तीन पाण्यांत. इस्त्री करून, पातळ कागदात गुंडाळून, खोक्यात भरून ताईकडे नेले. तिने स्वेटर काढला, त्यात तोंड घातलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हाही धुतलास?" म्हटलं, मग! तिने खोकं बंद केलं. चहासुद्धा विचारला नाही. तेव्हापासून अकरा वर्षं कामापुरतं बोलणं, वर्षातून एखादी फेरी, ती खुर्ची आणि तो टोमणा.

एवढे कष्ट घेतले होते मी. जाऊ दे.

१० मार्च, रविवार

ढब्बूने पांघरूण हुंगलं, शिंकला आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. नखरे! ताटलीही तशीच ठेवली. असेल पोट बिघडलेलं.

११ मार्च, सोमवार

काही खाल्लं नाही. गाडीजवळ नेलं तर चारी पाय रोवून उभा राहिला. नव्यासारखं झालेलं पांघरूण सीटवर पसरलं होतं. बघितलंसुद्धा नाही. गॅरेजवाल्याच्या मदतीने आत ढकलला. आत त्याने आधी लघवी केली आणि मग पिवळं पित्त ओकला. मग तोंड वर करून असा रडायला लागला की बायका गॅलरीत आल्या. "काय करताय हो त्या मुक्या जिवाला?" मी! मी काय करतोय!

डॉक्टरीणबाईंकडे. पोट दाबलं, ताप पाहिला (कुठून पाहतात ते मला आज कळलं. नको होतं कळायला). सगळं ठीक.

"दोन दिवसांत काही बदललं का? खाणं? जागा?"

"काही नाही."

"त्याच्याजवळ ठेवायला सांगितलं होतं ते?"

"आहे की! पांघरूण. चांगलं तीन पाण्यांत धुतलंय."

बाईंनी हातमोजे काढले. माझ्याकडे असं बघितलं की मला ते हातमोजे बरे वाटले.

"अहो, त्यात त्याची मालकीण होती. महिना-सव्वा महिना तो त्या वासावर दिवस काढत होता. तुम्ही तीच धुवून टाकलीत."

१२ मार्च, मंगळवार

काल पुढे लिहवलं नाही.

किळस मला नवीन नाही. माझं पोटच लोकांच्या घाणीवर भरतं. कॉलरी, काखा, रुमाल, हॉटेलांच्या चादरी. पण स्वतःची किळस आज पहिल्यांदा आली. आणि ती कशानेच निघत नाही.

तो राखाडी स्वेटर. आई शेवटचे दोन महिने तोच घालत होती. ताईने त्यात तोंड का घातलं होतं ते काल दवाखान्याच्या पायरीवर कळलं. अकरा वर्षांनी! एका कुत्र्यामुळे! तिला आई हवी होती आणि मी तिच्या हातात स्वच्छ लोकर दिली. वर विचारतोय कसा, तर "मग! तीन पाण्यांत!"

काय माणूस आहे मी.

दुपारी मलम विकत आणलं. तेच, हिरव्या झाकणाचं. हातांना चोळलं आणि पांघरुणाला पुसलं. वास जसाच्या तसा! ढब्बूसमोर ठेवलं. तो उठला, आला. त्याने नाक लावलं, सगळ्या कडा हुंगल्या, चारही कोपरे, अगदी नीट. मग माझ्याकडे पाहिलं आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

त्याला मलम नको होतं. ते त्याला माझ्याआधी माहीत होतं.

पाणी तेवढं पितो. बाईंनी कातडीखाली सलाईन दिलं. म्हणाल्या, असाच उपाशी राहिला तर प्रवासाचा दाखला देणार नाही, वाटेतच जाईल तो.

संध्याकाळी भाचीला फोन केला. खरं सांगून टाकलं. वाटलं होतं, चिडेल. पण ती म्हणाली, "मामा, आईने आज तीन दिवस गाउन बदललेला नाही. मी भांडतेय तिच्याशी. तोच काढून घेते आणि आज रात्रीच्या बसने पाठवते. उद्या दुपारी मिळेल. चालेल?"

चालेल म्हणजे काय! पत्ता दुकानाचा दिला. दिवसभर कोणीतरी असतंच तिथे.

मागून ताईचा आवाज आला. बारीक. "काय केलं साबणरावाने आता?"

१३ मार्च, बुधवार

मला कोणीतरी फटके मारा.

दुपारी टायरची हवा आणि ब्रेक बघायला गॅरेजमध्ये गेलो. समोरच तर आहे. वीस मिनिटं लागली. परत आलो तर पुडकं उघडलेलं. मशीन फिरतंय. काचेच्या दारातून बघितलं तर फेसात फुलाफुलांचा गाउन. वर, खाली, वर, खाली.

मशीन बंद केलं. त्याचं दार पाणी जाईपर्यंत उघडत नाही. दोन्ही हात काचेला लावून उभा राहिलो.

"काय झालं?" मावशी. "टॅग लावलाय की. एकशे बारा. नाव नव्हतं म्हणून पावती ठेवलीय बाजूला."

"मावशी, कोणी सांगितलं धुवायला?"

"सांगायचं काय त्यात? तुम्हीच म्हणता ना, दुकानात आलं की आधी टॅग, मग मशीन, मग बोलणं. एकोणीस वर्षं तेच करतेय! आणि किती वास मारत होता तो, काय सांगू!"

नियम माझा. भिंतीवर लाल अक्षरात लिहिलाय, अक्षरही माझंच. 'न धुतलेले काहीही दुकानाबाहेर जाणार नाही.' एवढा अभिमान होता त्या पाटीचा!

मावशींना सगळं सांगितलं. त्या स्टुलावर बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. हसत होत्या! मग खरंच रडल्या. म्हणाल्या, "माझ्या हातून झालं हो." म्हटलं नाही, माझ्याच हातून. दोन्ही वेळेला. तिन्ही वेळेला.

भाचीला फोन केला. आता दुसरा गाउन अंगावर मुरायला वेळ कुठे आहे?

ढब्बूला ओला गाउन दाखवला. वेडी आशा. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

१४ मार्च, गुरुवार

आणि आज पाणी गेलं! चौकात खोदताना मोठा पाइप फुटला. दोन दिवस तरी येणार नाही म्हणे. दुकान बंद. मावशी घरी.

आंघोळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा! ओल्या गाठोड्यांचे ढीग वरच्या गच्चीत नेऊन वाळत घातले, आठ खेपा. घामाने निथळलो. बनियन काढला तर अंगाला चिकटून आला. धुवायला पाणी नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यात बादलीत टाकला, वर झाकण ठेवलं, त्यावर वीट ठेवली. तरी तो तिथे आहे हे माहीत असल्याने स्वस्थ बसवत नाही.

स्वतःच्या काखेचा वास स्वतःला येतोय. ओकारी येते. लोक कसे जगतात?

बाईंचा फोन. उद्या काही खाल्लं नाही तर जाणं रद्द करा. भाचीला कळवायला सांगितलं. मी कळवलेलं नाही.

१५ मार्च, शुक्रवार

सकाळी उठलो तर वीट एकीकडे, झाकण दुसरीकडे, बादली आडवी. ढब्बू जागेवर नाही. पाचावर धारण बसली. घरभर शोधला.

माझ्या पलंगाखाली! पोटाखाली माझा बनियन. दोन पंजांत धरलेला, नाक काखेच्या शिवणीत खुपसलेलं, डोळे मिटलेले. शेपटी जमिनीवर हळूहळू आपटतोय. थप. थप.

पहिला विचार काय आला, खरं लिहितो. ओढून घ्यावा आणि जाळून टाकावा. हातही पुढे केला. त्याने एक डोळा उघडला आणि माझा हात चाटला. एकदाच. मग उठला, बनियन तोंडात धरून ताटलीपाशी गेला, बनियन बाजूला ठेवला आणि खाल्लं. सगळं! पाच दिवसांचं खाल्लं. ताटली फरशीवरून ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेली.

मी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. चाळीस किलोचं ते गलिच्छ जनावर जेवतंय, आणि मी रडतोय. नाक पुसायला स्वच्छ रुमालही नव्हता.

बाईंना फोन केला. "माझा घाम? माझा कशाला? मी काय त्याचा लागतो?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही भावंडं ना? एका आईची. घरच्या माणसांच्या वासात काहीतरी सारखं असतं म्हणतात. कुत्र्यांना कळत असेल. मी छातीठोक सांगत नाही. पण त्याला त्यात ताई सापडली असेल तर धुऊ नका म्हणजे झालं. आणि तुम्हीही..."

"मीही काय?"

"पोचेपर्यंत साबण लावू नका."

१६ मार्च, शनिवार

पाणी आलं. नळ सोडला. हाताखालून गार पाणी वाहत होतं आणि वडी समोर, पांढरीशुभ्र. नळ बंद केला. असा जीव कशासाठीच तुटला नव्हता.

सकाळी सरावाची शेवटची फेरी, पंधरा किलोमीटर. सीटवर पांघरूण, पांघरुणावर बनियन, बनियनवर ढब्बू. सीटवरचं प्लास्टिक काढून टाकलं. घसरत होता बिचारा. नऊ वर्षं जपलं ते दोन मिनिटांत फाडलं. ओकला नाही.

दुपारी दाखला मिळाला. सामान भरलं. पाण्याचे दोन डबे, ताटली, गोळ्या, लशींची वही, जुनी वर्तमानपत्रं, रबरी हातमोजे. सोडा आणि व्हिनेगर सवयीने घेतलं. साबण घेतला नाही. मावशी खालून ओरडल्या, "वर येऊ का मदतीला?" जिन्यात आल्या, थांबल्या, नाक मुरडलं. "अगंबाई! तुम्ही पण?"

"मी पण."

त्यांनी पदर नाकाला लावला आणि तशाच वर आल्या. नुकताच इस्त्री केलेला माझा शर्ट त्यांच्या हातात होता. दोघांनीही त्या शर्टाकडे पाहिलं. त्या तो परत खाली घेऊन गेल्या.

दाढी खुपतेय. मान चिकट. कॉलरीच्या आतली कड काळी पडलीय. एकतीस वर्षं मी अशा कॉलरी दुसऱ्यांच्या पाहिल्या आणि मनातल्या मनात त्या माणसांना नावं ठेवली. आज माझी आहे. घाण ती घाणच! मला आवडायला लागलीय असं कोणी समजू नये.

१७ मार्च, रविवार

सकाळी सहाला निघालो. साडेतीनशे झाले. सात वेळा उतरवला, सातव्यांदा एका म्हशीच्या शेणात लोळला. मुद्दाम! माझ्याकडे बघत!

पहिल्या लॉजच्या माणसाने कुत्र्याला आत घ्यायला नकार दिला. मग माझ्याजवळ आला, मान मागे घेतली, आणि मलाही दिला. दुसऱ्याने दाखला बघून मागची खोली दिली. ढब्बू पलंगावर, मी पलंगाच्या काठावर. खोलीतल्या न्हाणीघरात गरम पाणी आणि कागदात गुंडाळलेली छोटी गुलाबी वडी आहे. वडी भाचीसाठी म्हणून पिशवीत टाकली. पोचल्यावर देईन तिला.

ताईशी काय बोलायचं ते दिवसभर जुळवत होतो. "ताई, स्वेटरचं चुकलं." एवढंच जुळलं. ते तरी तोंडातून निघेल का कोण जाणे. ती म्हणेल, कुत्रा ठेव आणि जा. म्हणू दे.

१८ मार्च, सोमवार

पोचलो. ढब्बूने दार लोटलं, भाचीला आडवं केलं आणि थेट पलंगावर. ताई त्याच्यात दिसेनाशीच झाली. मी दाराबाहेर. आत जायला लाज वाटत होती एवढा घाणेरडा. ती म्हणाली, "जवळ ये." म्हटलं, ताई, पाच दिवस आंघोळ नाही. म्हणाली, "कळतंय. ये." गेलो, वाकलो. तिने माझी कॉलर धरून मला खाली ओढलं, मानेशी तोंड घातलं आणि तशीच राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "आईचा वास येतोय रे तुला."

शर्ट मागितला. काढून दिला. न धुता.